लाल बोयाच्या मागे

१

लोखंडी बोट बुडाली, तिच्या जागी फायबरची आली आणि तेव्हापासून आमचा वायरलेस बहिरा झाला.

धंदा आमचा साधा. मोठी जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून आपल्या पाळीची वाट बघत असतात. त्यांना भाजीपाला, पिण्याचं पाणी, औषधं पोचवायची, सुट्टीवर निघालेल्या खलाशांना किनाऱ्यावर आणायचं. दादा सुकाणूवर आणि मी बाकी सगळीकडे. कागदोपत्री बोट दोघांची होती, पण धक्क्यावर सगळे तिला दादाची बोट म्हणत आणि मला दादाचा भाऊ. मला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे, कारण दादा होताच तसा. आधी त्याचा आवाज यायचा, मग तो. घरातही तेच. वहिनी म्हणायची, "ह्यांच्याशी लपूनछपून भांडायची सोय नाही, चार घरांना कळतं."

गेल्या हिवाळ्यात मी तापाने अंथरुणावर होतो तेव्हा तो एकटाच गेला. बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल बोयाच्या पुढे अचानक धुकं उतरलं आणि लोखंडी बोट बुडाली. कशामुळे, ते आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. गाळ काढणाऱ्या बोटीवरच्या लोकांना दादा संध्याकाळी पाण्यात सापडला. अंगात लाइफ जॅकेट, डोळे उघडे, ओरखडासुद्धा नाही. हातातला छोटा वायरलेस तेवढा गेला.

डॉक्टर म्हणाले, एवढ्यातून वाचलेला माणूस जरा गप्प होतो, त्याला वेळ द्या. आम्ही वेळ दिला. तो गप्पच राहिला.

नवी बोट हलकी, देखणी आणि वायरलेसच्या बाबतीत अगदी कुचकामी. सेट त्याच जुन्या जातीचा, पण इंजिन चालू केलं की त्यात माशी अडकल्यासारखी गुणगुण सुरू व्हायची आणि बंदराच्या कंट्रोल रूमचा आवाज तिच्यात बुडून जायचा. एकदा एका जहाजावर आजारी खलाशी आमची वाट बघत दुपारभर पडून राहिला. कंट्रोल हाका मारत होतं आणि आम्ही शेजारच्या जहाजाला कोबी देत होतो.

कंट्रोलवर एक बाई असतात. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण आवाजाने सगळा धक्का त्यांना ओळखतो आणि घाबरतो. त्या म्हणाल्या, "पुढच्या तपासणीच्या आत सेट नीट करा, नाहीतर बंदराबाहेर सोडणार नाही. मग कोबी घरीच खा."

मी दादाकडे बघितलं. पूर्वीचा दादा यावर बाईंना काहीतरी झणझणीत ऐकवून वर हसवून आला असता. हा समोर पाण्याकडे बघत म्हणाला, "करून घे."

२

काम मी स्वतःच केलं. लोखंडी बोटीत बोटीचं अंग हीच वायरलेसची अर्थिंग असते, पायाखाली अख्खा समुद्र जोडलेला असतो. फायबर म्हणजे प्लॅस्टिकचं टमरेल. त्यात एरियल उभी केली तरी तिला खाली पाय टेकायला काही नसतं. मग ते पाय आपण द्यायचे.

आधी एरियल केबिनच्या टपावरून काढून डोलकाठीच्या टोकाला चढवली. केबल सोलून बघितली तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. ती बदलली, जोड नवे केले, त्यांवर पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळली. सेटची वायर इंजिनच्या वायरांपासून लांब नेली. मग फळ्या उचलून बोटीच्या पोटात नाळेपासून वरामापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, तांब्याची रुंद पट्टी अंथरली, जागोजागी सोल्डर केली आणि पाण्याखाली बाहेरच्या अंगाला बसवलेल्या धातूच्या पत्र्याला जोडून दिली. फळ्या बसवल्यावर काहीच दिसत नव्हतं, पण मला वाटत होतं की बोटीला आता कणा आला.

इंजिन लावून कंट्रोलला हाक दिली.

"अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं येतंय," बाई म्हणाल्या. "चहा पिताय तोही ऐकू येतोय."

मी खरंच चहा पीत होतो. फार दिवसांनी स्वतःवर खूश होतो. लांबची जहाजं, पलीकडच्या बंदरातली गर्दी, कुठल्या तरी भाषेतली भांडणं, सगळं स्वच्छ येत होतं. दादा सुकाणूशेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होता.

मग सगळे आवाज एका वेळी थांबले. असं होतं कधीकधी. त्या शांततेत सेटमधून कुणीतरी धाप टाकली आणि म्हणालं, "बारक्या, ऐकू येतंय का रे?"

मला बारक्या म्हणणारी जगात दोनच माणसं होती. एक वहिनी. दुसरा समोर संत्र्याची फोड तोंडात टाकत होता, ओठ मिटून, हळूहळू चावत.

आवाज त्याचा होता.

३

माणसाचं डोकं अशा वेळी लाचार होतं. जे हाताला लागेल ते कारण धरून बसतं.

मी म्हटलं, प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनीला आधी कुणी बोलावं लागतं. मग म्हटलं, धक्क्यावरचा कुणीतरी नकला करतोय. दादाची नक्कल तिथे सगळेच करायचे. पण ते त्याचं ओरडणं उचलत, हा तर कुजबुजत होता. दात वाजत होते त्याचे. मग वाटलं, पट्टीचा एखादा जोड कच्चा राहिला असेल. फळ्या उचलून सगळे जोड पुन्हा तपासले. एकही कच्चा नव्हता. इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाल बोयाजवळून जाताना तो पुन्हा आला. "बोट गेली रे. मी पाण्यात आहे. बोयाच्या मागे. धुकं आहे, मला काही दिसत नाहीये. कुणी आहे का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. बोयावर दोन पक्षी पंख वाळवत बसले होते.

मी दादाला म्हटलं, "दादा, हा आवाज तुझ्यासारखा नाही वाटत?"

त्याने सेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "डबा काढ," तो म्हणाला.

मी केबिनबाहेर जाऊन उभा राहिलो. मागे कंट्रोलच्या बाईंचा त्रासलेला आवाज आला, "अहो, तुमच्या बोटीवरून दोघं एकदम बोलताय. एकाने बोला. कोण पाण्यात आहे म्हणता?"

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. ते माझ्या डोक्यात नव्हतं.

मी आत धावलो तोवर दादाने माइक उचलला होता. "कुणी नाही," तो म्हणाला आणि माइक जागेवर अडकवून डबा उघडायला बसला. त्याने सगळं जेवण शांतपणे संपवलं, माझ्या वाटचंसुद्धा. ते मी त्याला नेऊन दिलं होतं.

४

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. आई नव्हती. माझ्या गुडघ्यांना औषध लावण्यापासून ते माझ्या नावाने मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिने केलं. तिच्यापासून मी काही लपवू शकत नाही. स्वयंपाकघराच्या दारात मी नुसता उभा राहिलो तरी तिने विळी बाजूला सारली.

"बोल. काय झालं?"

मी सांगितलं. वाटलं होतं ती हसेल, निदान कपाळाला हात लावून ताप बघेल. तिने मला आत ओढून दार लोटून घेतलं.

"तुझ्या एक लक्षात आलंय?" ती म्हणाली. "तिथून आल्यापासून ह्यांनी एकही प्रश्न विचारलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच विचारत नाहीत. चहा झाला का, टॉवेल कुठे आहे, तुला बरं नाही का, काही नाही. चहा दिला तर पितात. नाही दिला तर बसून राहतात. मी मुद्दाम मीठ न घालता वाढलं एकदा. सगळं जेवले. माझी बहीण वारली तेव्हा मी रडत होते. हे समोर बसून होते. का रडतेस, हेही नाही विचारलं."

"वहिनी, हे तू मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? नवरा काही विचारत नाही, अशी तक्रार करायची?" ती हसली. ते हसू मला कधीच विसरता येणार नाही. "शेजारणीला बोलले होते. ती म्हणाली, अगं, आमच्याकडे पहिल्या वर्षापासून असंच आहे. मग मला वाटलं, सगळ्यांचीच लग्नं शेवटी अशी होत असतील. आपलं जरा उशिरा झालं."

दादा दुपारचा बाहेरच्या खोलीत झोपला होता. तो उताणा झोपतो, दोन्ही हात अंगालगत, कूस न बदलता. आम्ही त्याच्या पायाशेजारून बाहेर पडलो.

बोट धक्क्याला बांधलेली होती. मी सेट लावला. सुरुवातीला नेहमीची गडबड आली, मग ती बाजूला सरली.

"कुणी आहे का? बारक्या?"

वहिनीने माझ्या हातातून माइक काढून घेतला. बटण कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिचा अंगठा धरून दाबला.

"अहो," ती म्हणाली.

पलीकडे नुसतं पाणी वाजत होतं. मग तो म्हणाला, "तू कशाला आलीस बोटीवर? तुला लागते ना बोट. उलट्या करशील. जेवलीस का?"

वहिनी स्टुलावर बसली. तोंडावर पदर दाबून, पण माइक न सोडता. मीच वाकून विचारलं, "दादा, किती वेळ झाला तुला पाण्यात?"

"वेळ कसला? आत्ताच तर पडलो. तू तापात आहेस ना, उठलास कशाला?"

५

धक्क्यावरच्या कुणाला सांगावं असं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. सांगणार काय होतो? दादाला घरी झोपवून आम्ही दादाला आणायला निघालो होतो.

वारा नव्हता. पाणी काचेसारखं सपाट होतं आणि लाल बोया दुरूनच दिसत होता. त्याच्या मागे, एखाद्या घराएवढं धुकं. बस, तेवढंच. सभोवार ऊन आणि मधेच तो पांढरा ढीग, कडा सुरीने कापल्यासारख्या. तो हलत नव्हता. पाण्यात त्याची सावली पडलेली नव्हती.

मी इंजिन मंद केलं. आत बोट घालायची माझी हिंमत नव्हती. मी वहिनीला म्हटलं, आत माणूस पाण्यात आहे, पंखा लागायचा. ते खरंही होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि तिला ते कळलं.

"रबरी होडी काढ," ती म्हणाली.

"मी जातो."

"तू गेलास तर बोट कोण धरणार? मला जमतं का हे चाक?"

मी होडी सोडली, तिला लांब दोर बांधला, दुसरं टोक बोटीच्या खुंट्याला. छोटा वायरलेस वहिनीच्या गळ्यात अडकवला. तिने पदर खोचला. तिला बोट लागते, पाण्याची भीती वाटते, तरी ती होडीत अशी उतरली जशी रोज अंगणात उतरते. वल्हं तिला नीट धरता येत नव्हतं. होडी वेडीवाकडी फिरत पुढे गेली, मग तिचं टोक पांढऱ्यात शिरलं, मग वहिनीची पाठ, मग काहीच नाही. दोर तेवढा माझ्या हातातून सरकत राहिला.

सेटवर दोघांचेही आवाज येत होते.

"अहो, कुठे आहात? बोलत रहा."

"इकडे. डावीकडे. अगं, डावीकडे म्हटलं मी!"

"ओरडू नका, दिसलात. हात द्या. द्या हात."

पाण्याचा मोठा खळखळाट झाला. मग तो हसला. जुनं, चार घरांना ऐकू जाणारं हसू. आणि वहिनी रडत रडत त्याला रागावत होती, किती गार पडलाय, जॅकेटचे बंद कोण बांधणार, माझी साडी भिजवलीत. मी केबिनमध्ये एकटा उभा राहून हसत होतो. गालांवरून पाणी वाहत होतं.

"बारक्या, ओढ," वहिनी म्हणाली.

मी ओढायला लागलो. दोर हलका येत होता. दोन माणसांच्या मानाने फारच हलका. धुक्यातून होडीचं टोक बाहेर आलं, मग होडी.

वहिनी एकटी होती. मधोमध ताठ बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. साडी कोरडी. केसही कोरडे. गळ्यातला वायरलेस नव्हता.

"वहिनी, दादा?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "घरी चल."

तिच्यामागे, धुक्याच्या कडेला, क्षणभर मला एक हात दिसला. बांगड्यांचा. हवेत काहीतरी चाचपडत होता, जशी माणसं अंधारात दिव्याचं बटण शोधतात. मग तो आत गेला आणि केबिनमधला सेट माझ्या पाठीशी वहिनीच्या आवाजात म्हणाला, "बारक्या, ओढ ना. दोघंही बसलोय. थांबलास कशाला?"

माझ्या हातात दोर होता. त्याच्या टोकाला होडी होती आणि होडीत ती बसून माझ्याकडे बघत होती. सोडला असता तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. मी तिला हात देऊन वर घेतलं. तिने माझा हात धरला आणि शिडी न चुकता चढली. वळून बघितलं तेव्हा बोयाच्या मागे ऊन होतं आणि पाणी होतं.

६

घर आता शांत आहे. एवढं शांत की शेजारणीने एकदा मला अडवून सांगितलं, तुमच्या वहिनींचं आणि दादांचं बघून बरं वाटतं बाई, किती समजुतीने राहतात. मी हो म्हटलं. दोघं संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसतात. जेवण वेळेवर होतं. माझे शर्ट धुतलेले असतात, घडी केलेले. माझ्यावर कुणीही रागावत नाही. मी उशिरा आलो, जेवलो नाही, दार आपटलं, तरी कुणी काही विचारत नाही.

आणि बोटीवर सेट लावला की वहिनी असते.

"बारक्या, अरे दोर सैल का सोडलास?"

त्यांच्या लेखी आत्ताच सोडलाय. दादा मागून काहीतरी टोमणा मारतो, ती त्याला गप्प बसवते. थंडीची तक्रार आहे, पण अजून धीर सुटलेला नाही. मी आहे ना बाहेर, दोर धरून.

मी रोज तिथे गेलो. बोयाच्या मागे बोट उभी करून हाका मारल्या. धुकं नव्हतं. मग एका सकाळी होतं. तेवढंच, तसंच. मी सुकाणू धरून उभा राहिलो आणि मनात हिशेब सुरू झाला, की आत जाईन, त्यांना आणीन, आणि मग बोट धक्क्याला लावून जो उतरेल तो कोण असेल. घरात तिसरं ताट मांडलं जाईल. आम्ही तिघं शेजारी शेजारी बसू. आणि आत तिघं एकमेकांना विचारत राहतील, बाहेर कुणी आहे का.

मी सुकाणू फिरवलं. कंट्रोलच्या बाईंना सांगितलं, आज तब्येत ठीक नाही.

काल सकाळी मी फळ्या उचलल्या. हातात पक्कड होती. पट्टी एका जागी तोडली असती तरी पुरलं असतं, सेट पुन्हा बहिरा झाला असता. मी तिथे गुडघ्यांवर बसून होतो तेव्हा धक्क्यावर पावलं वाजली. दोघं आले होते. ती माझा डबा घेऊन आली होती, तो तिच्यामागे. त्यांनी पक्कड पाहिली. दोघंही केबिनच्या दारात उभे राहिले. ऊन त्यांच्या मागून येत होतं, त्यामुळे चेहरे दिसत नव्हते.

सेट चालूच होता.

"बारक्या," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा वेगळा होता. "खरं सांग. बराच वेळ झालाय ना रे? तू येणार आहेस ना?"

मी दारातल्या बाईकडे बघितलं. तिने डबा खाली ठेवला, आत आली, खुंटीवरचा माइक काढला आणि माझ्या हातात दिला. अगदी हळुवार. लहानपणी गुडघ्याला औषध लावायची, तेव्हासुद्धा असा हलका हात नव्हता तिचा.

"सांग, आलोच म्हणून," ती म्हणाली. "त्यांना बरं वाटतं."

दादा सुकाणूवर जाऊन बसला होता. मी पक्कड खाली ठेवून बटण दाबलं.

"आलोच, वहिनी," मी म्हटलं.